हेडलाइट लावली की आयडल का डगमगतं?

जुन्या एस्टीमचा मूळ ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) काढून वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात स्पीडुइनो हा ओपन-सोर्स ईसीयू बसवला. फुल थ्रॉटलचं ट्यूनिंग भराभर जमलं, नडलं ते आयडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू ठेवलेलं इंजिन. एरवी लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा; १ म्हणजे नेमकं, वर गेला की पेट्रोल कमी) १ वर ठाम. पण हेडलाइट, वायपर आणि ब्लोअर एकदम लावले की गेज १.२ च्या पुढे आणि आरपीएम वरखाली. ठाण्याच्या पावसात हे तिन्ही लागतातच, त्यामुळे दुर्लक्ष करायची सोय नव्हती.

"फ्युएल टेबलला हात लावू नकोस," गॅरेजवाले काका म्हणाले, "आधी व्होल्टेज बघ." लॉगमध्ये ते १४ वरून १२ वर येत होतं.

पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला करंट दिला की तो लगेच उघडत नाही. कॉइलमध्ये करंट चढून सुई उचलेपर्यंत वेळ जातो. मिटायलाही थोडा लागतो, पण उघडण्याइतका नाही. या दोन्हींतला फरक म्हणजे डेड टाइम. व्होल्टेज पडलं की करंट सावकाश चढतो आणि हा वेळ वाढतो. समजा आयडलला पल्स (करंट चालू असण्याचा वेळ) २.६ मिलिसेकंद आणि त्यात डेड टाइम १. पेट्रोल पडतं ते उरलेल्या १.६ मध्ये. डेड टाइम १.३ झाला की उरतात १.३, म्हणजे पेट्रोल जवळपास १९ टक्के कमी! तोच ०.३ चा फरक १२ मिलिसेकंदांच्या पल्समध्ये तीन टक्क्यांच्या आत राहतो. फुल थ्रॉटलला गाडी गुणी का वागत होती, ते इथे उलगडलं.

मूळ डेड टाइम काढायची काकांची युक्ती मला फार आवडली. एका सायकलचं पेट्रोल एकाऐवजी दोन फवाऱ्यांत द्यायचं. प्रत्येक फवारा आपला डेड टाइम वेगळा घेतो, त्यामुळे भरलेला आकडा कमी असेल तर मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) होतं, जास्त असेल तर रिच (पेट्रोल जास्त). दोन्हीकडे लॅम्डा सारखा आला की आकडा बरोबर.

मग व्होल्टेजचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला डेड टाइम किती. त्याआधी मल्टीमीटर लावला, तर ईसीयूपेक्षा इंजेक्टरच्या प्लगवर अर्धा व्होल्ट कमी! रिलेचे पॉइंट जळून काळे पडले होते. रिले बदलल्याशिवाय कर्व्ह लावण्यात काही अर्थ नव्हता. नंतर इंजिन गरम करून, लॅम्डा करेक्शन (लॅम्डा बघून ईसीयू आपोआप पेट्रोल बदलतो ते) बंद ठेवून एकेक लोड टाकत गेलो आणि गेज जागेवर येईपर्यंत त्या व्होल्टेजचा आकडा हलवला. व्होल्टेजचं हे करेक्शन फक्त ओपन टाइमला (स्पीडुइनोत डेड टाइमचं नाव) लागू ठेवायचं. सगळ्या पल्सला लावलं, तर व्होल्टेज पडल्यावर मोठ्या पल्सला मिक्श्चर उगाच रिच होतं.

१० व्होल्टच्या खालचा भाग आयडलला तपासता येत नाही. तिथे इंजेक्टरच्या डेटाशीटमधले आकडे भरले आणि सकाळच्या थंड स्टार्टचा लॉग बघून क्रँकिंगचं (स्टार्टर फिरतानाचं) पेट्रोल वेगळं लावलं.