आईला घेऊन मरीना बीचवर

समुद्रात सूर्य मावळताना आम्ही नाशिककरांनी भरपूर पाहिलाय. अलिबागला जा, मुरूडला जा, नाहीतर जुहूला, दिवस बुडतो तो पाण्यातच. समुद्रातून सूर्य वर येताना बघायचा तर पूर्व किनाराच गाठावा लागतो. आईची ही फार जुनी हौस. म्हणून यंदा जानेवारीत कल्याणहून चेन्नईची गाडी धरली आणि तिरुवल्लिक्केणीत, समुद्र चालत जाण्याइतका जवळ असेल अशा लॉजवर उतरलो.

उजाडायच्या आधी कामराजर सालई, म्हणजे किनाऱ्यालगतचा रस्ता, ओलांडला. फिरायला आलेली मंडळी फुटपाथवर झपाझप चालत होती, वाऱ्याला मासळीचा वास होता आणि समोर नुसती वाळू. आई म्हणाली, "अरे, पाणी कुठंय?"

प्रश्न रास्त होता. मरीनाला रस्त्यापासून लाटांपर्यंत जायला सरासरी तीनशे मीटर वाळू तुडवावी लागते. ही वाळू पूर्वीपासूनची नाही. एकोणिसाव्या शतकात मद्रास बंदरासाठी समुद्रात भिंती बांधल्या. या किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. ती बंदराच्या भिंतीपाशी अडली आणि दक्षिणेला साचत गेली. उत्तरेच्या रोयापुरम बाजूला मात्र तेवढीच वाळू कमी पडू लागली, तिथे समुद्र जमीन खात गेला आणि दगड टाकून किनारा धरून ठेवावा लागला. म्हणजे एकीकडचं हे मोकळं मैदान दुसरीकडच्या कोळीवस्त्यांना महागात पडलं. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी १८८४ साली इथे फिरायला रस्ता करवला आणि 'मरीना' हे नावही त्यांचंच.

आईचे गुडघे दुखतात, काठीशिवाय ती चालत नाही आणि कोरड्या वाळूत काठी वीतभर आत जाते. तिला रस्त्याकडेच्या बाकावरूनच सूर्योदय दाखवायचा, असं मी धरून चाललो होतो. पण विवेकानंद इल्लम या स्मारकासमोर वाळूवरून थेट पाण्याच्या दिशेने गेलेला लाकडी मार्ग दिसला. दिव्यांगांसाठी २०२२ च्या नोव्हेंबरात तो खुला झाला. पुढच्याच महिन्यात मांदौस चक्रीवादळाने त्याची मोडतोड केली आणि पालिकेने तो पुन्हा उभा केला. दोन्ही बाजूंना कठडा, खाली सपाट फळ्या. आई एका हाताने कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून, शेवटपर्यंत गेली. आमच्या पुढे व्हीलचेअरवर एक आजोबा होते, त्यांची नात खुर्ची ढकलत होती. टोकाला पोचल्यावर आजोबांनी चपला काढून नातीच्या हातात दिल्या आणि पाय तसेच फळीवर टेकवले.

क्षितिजाला ढगांची पट्टी होती, त्यामुळे सूर्य पाण्यातून असा निघालाच नाही, हातभर वर आल्यावर एकदम दिसला. आईला त्याचं काही वाटलं नाही. तिने हात जोडले आणि विचारलं, "आपली गोदामाई इथेच येते ना?" म्हटलं, इथे नाही, वर आंध्रात, राजमहेंद्रीच्या पुढे. पण समुद्र हाच. त्र्यंबकहून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर, आणि ही नदी तिकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला येते. भूगोलात हे पाठ केलं होतं. आईशेजारी उभं राहून ते पहिल्यांदा अंगावर आलं.

तिथेच मला रामकुंड आठवलं. आपल्या घाटावर म्हातारी माणसं ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकमेकांचा दंड धरून उतरतात आणि बरीचशी वरूनच नमस्कार करून परततात. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी जोरात चाललीय, रस्ते होतायत, पूल होतायत. कठडा असलेला एक सोपा उतार गोदेच्या पाण्यापर्यंत झालाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. वादळात मोडूनही चेन्नईने तो पुन्हा केला.

पोहायचं मात्र नाव काढू नका. पाणी झपकन खोल होतं, खालची ओढ जबर आहे, समुद्रस्नानाला मनाई आहे आणि तरी दरवर्षी माणसं बुडतात. पोटरीपर्यंत भिजलात तेवढं पुरे. जानेवारी ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालण्याचा हंगाम. या दिवसांत विद्यार्थी कार्यकर्ते रात्रभर किनारा चालून अंडी सुरक्षित जागी हलवतात. विद्यार्थ्यांचं हे काम १९८०च्या दशकापासून सुरू आहे.

संध्याकाळी पुन्हा गेलो तेव्हा जत्रा भरली होती. घोडे, पतंग, फुगे फोडायच्या बंदुका, मक्याची कणसं, आणि कचराही. तो नाही म्हणणं खोटं होईल. देवीप्रसाद रॉय चौधरी यांचं १९५९ सालचं श्रमिकांचं शिल्प त्या गर्दीतही नजर खेचून घेतं. चार माणसं एक धोंडा हलवतायत, पाठीच्या शिरा न शिरा ताणलेल्या.

आईचं लक्ष सुंडलवाल्याकडे. उकडलेले पांढरे वाटाणे, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, वर किसलेलं खोबरं आणि कैरीचे बारीक तुकडे, सगळं कागदाच्या पुडीत. तो "अम्मा, अम्मा" म्हणत तमिळमध्ये सांगत होता, आई "कैरी जरा जास्त घाल रे बाबा" असं मराठीत. कैरी जास्त आली.

जाणार असाल तर रविवारची संध्याकाळ टाळा, पहाट गाठा. लोकल रेल्वेची चेपॉक, तिरुवल्लिक्केणी आणि लाइट हाऊस ही स्टेशनं किनाऱ्यालगतच आहेत. दीपगृहाला लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही वरून अख्खी मरीना आणि उत्तरेला ते बंदर बघता येतं.