चित्रकलेच्या बाई आणि प्रमिलाताई

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असे पत्र आले आणि कोणाविषयी लिहायचे हा प्रश्नच पडला नाही. गणिताच्या सरांवर, मुख्याध्यापिकांवर लिहिणारे पुष्कळ जण असतील. मी चित्रकलेच्या बाईंविषयी लिहिणार. आमच्या वेळच्या मुलींना त्यांचे नाव सांगायची गरज नाही. नुसते 'बाई' म्हटले तरी त्याच.

१९७३चा सुमार असावा. गोडेतेल, रवा, साखर, रॉकेल, जे हवे त्याला रांग. मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. बाईंनी पिशवीतून आमच्या चित्रकलेच्या वह्या काढल्या आणि त्यांच्याबरोबर एक लाटणे बाहेर पडले. पडले ते घरंगळत थेट मागच्या बाकाखाली. वर्गात खसखस पिकली. बाईंनी ते एका मुलीकडून उचलून आणवले, पदराने पुसले आणि वस्तुचित्रासाठी ठेवलेली सुरई बाजूला करून स्टुलावर आडवे ठेवले. "आज हेच काढा. मधला भाग फुगीर आहे, टोकाकडे निमुळता होतो, तो उतार दिसला पाहिजे. सावली आधी बघा, मग पेन्सिल टेकवा."

आम्ही लाटणे काढत होतो आणि बाई बोलत होत्या. शाळा सुटल्यावर त्या मोर्चाला जाणार होत्या. महागाईविरुद्ध समाजवादी, कम्युनिस्ट आणि कुठल्याच पक्षात नसलेल्या बायकांनी १९७२ साली एकत्र येऊन समिती काढली होती. थाळ्या वाजवत, लाटणी उगारत हजारो गृहिणी रस्त्यावर येत होत्या. मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर ही नावे आम्ही घरी ऐकली होती. बाईंनी त्या दिवशी तिसरे नाव सांगितले, प्रमिलाताई दंडवते. ओळख करून दिली तीही कशी, तर "जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतलेली बाई आहे ती. चित्रकला शिकलेली." शिवाय राष्ट्र सेवा दलात वाढलेली, १९६८ साली मुंबई महापालिकेत निवडून गेलेली. त्यांचे यजमान मधू दंडवते राजापूरचे खासदार आहेत, हे मला पुढे वर्तमानपत्रातून कळले.

एवढीशी गोष्ट. पण बाईंचा हा क्रम माझ्या मनात कायमचा बसला. आजही प्रमिलाताईंचा उल्लेख आला की लोक मधूंपासून सुरुवात करतात. मधू दंडवते मोठेच होते. रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी गादी आणली, ती आपल्या सगळ्यांच्या पाठीला ठाऊक आहे. पण १९५३ साली झालेल्या त्या लग्नात दोन कार्यकर्ते होते, एक कार्यकर्ता आणि त्याचे घर सांभाळणारी बायको असा तो मामला नव्हता, आणि ते सांगायला आम्हाला बाईच भेटल्या.

आणीबाणीत मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात आणि प्रमिलाताई येरवड्यात. सुमारे दीड वर्ष नवरा-बायको दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांत, आणि मध्ये फक्त पत्रे. त्या काळात बाई वर्गात राजकारणाचे अवाक्षर काढत नसत. आम्हाला चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेसाठी राबवून घेत. १९७७च्या निवडणुकीच्या निकालानंतर मात्र त्यांनी अख्ख्या वर्गाला पेढे वाटले.

१९८० साली देशभर जनता पक्षाची धूळधाण होत असताना प्रमिलाताई उत्तर मध्य मुंबईतून लोकसभेवर गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. खासदार झाल्याबरोबर त्यांनी हुंडाबंदी कायदा कडक करण्यासाठी खासगी विधेयक मांडले. १९६१चा कायदा कागदावर होता, पण पळवाटा इतक्या की कोणी अडकतच नसे. पुढे १९८४ साली सरकारने स्वतःच दुरुस्ती आणली, हुंड्याची व्याख्या रुंदावली आणि पोलिसांना अशा गुन्ह्याची दखल घेऊन तपास करता येऊ लागला. मी वकिलीकडे वळले ती या सगळ्याच्या गदारोळात. सासरी छळ होऊन माहेरी परत आलेल्या मुलींचे खटले आयुष्यभर चालवले. आता माझ्या हाताखाली तीन तरुण वकील मुली काम करतात, आणि त्यांना त्या १९८४च्या दुरुस्तीमागची हकिकत सांगितल्याशिवाय मी हुंड्याच्या प्रकरणाची फाइल हातात देत नाही. महिला दक्षता समितीचे कामही त्यांना सांगते. घरातल्या छळाला 'घरगुती बाब' म्हणून परत पाठवायचे दिवस होते ते, आणि अशा वेळी प्रमिलाताईंनी उभारलेली ही संघटना त्या मुलींच्या मागे उभी राहिली.

महिला आरक्षणासाठीही प्रमिलाताई अखेरपर्यंत झगडल्या. १९९६ साली ते विधेयक पहिल्यांदा संसदेत आले आणि मंजूर व्हायला २०२३ साल उजाडले. तेव्हा ना प्रमिलाताई होत्या, ना आमच्या बाई. त्या दिवशी मला फोन करायला कोणी उरले नव्हते, याचे फार वाईट वाटले.

मध्यंतरी शाळेत आले होते. चित्रकलेच्या वर्गात आता संगणक आहेत. उत्तरेच्या खिडक्यांना पडदे लावलेत. तो उजेड सावली शिकवण्यासाठी हवा म्हणून बाईंनी ती खोली भांडून मिळवली होती. संगणक हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण चित्रकलेचा तास आठवड्याला एकच उरला, आणि तोही परीक्षा जवळ आली की गणिताला जातो, हे ऐकून जीव हळहळला.

उत्सव समितीला माझी एक विनंती आहे. इंटरमीजिएटमध्ये 'अ' श्रेणी मिळवणाऱ्या मुलीला दरवर्षी बाईंच्या नावाने पारितोषिक द्यावे. त्यासाठीची ठेव मी कार्यालयात जमा करत आहे. आणि पारितोषिकाबरोबर त्या मुलीला प्रमिलाताईंविषयी चार ओळी छापून द्याव्यात. मजकूर मी लिहून देईन, सुरुवात जे. जे. पासून.