नाडा नसलेली मोट

खानदेशातली नावाजलेली संग्रहालयं सगळ्यांना ठाऊक असतात. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुनी कागदपत्रं सांभाळून आहे. जळगावच्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या घरातल्या नि शेतातल्या वस्तू जपल्या आहेत. पण खरी गंमत गावातल्या एका खोलीच्या संग्रहालयात असते. वर पत्रा, दाराला कुलूप आणि किल्ली समोरच्या किराणा दुकानात. एप्रिल-मेमध्ये तिकडे फिरकू नये. पारा ४४ वर गेला की त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. दिवाळीनंतर सकाळी जावं आणि सोबत सत्तरी ओलांडलेलं कोणीतरी न्यावं. पाट्यांचा भरवसा नसतो. वखरासमोर ‘जुना नांगर’ असं बिनदिक्कत लिहिलेलं सापडतं. नांगराला टोकदार फाळ असतो, वखराला लोखंडाची आडवी पास. एक जमीन फाडतो, दुसरा तण कापून ढेकळं मोडतो. एवढा फरक पाटीवर मावायला हरकत नव्हती.

या खोल्यांमध्ये लाकूड आणि लोखंड टिकतं. दोर, चामडं, बांबू जातो. आणि अवजाराची सगळी अक्कल नेमकी जाणाऱ्या भागात असते. विहिरीतून बैलांच्या जोरावर पाणी उपसणाऱ्या मोटेचंच बघा. कोपऱ्यात मोठं लाकडी चाक टेकवलेलं असतं, शेजारी गंजलेली लोखंडी मोट, तिची चामड्याची सोंड उंदरांनी कधीच संपवलेली. दोर दोन लागतात, हे पोरांना कळायचं कसं? जाड नाडा मोटेच्या तोंडाला बांधून वरच्या चाकावरून जातो. बारीक सोंदूर सोंडेच्या टोकाला बांधून खालच्या रुळावरून जातो. दोन्ही एकाच बैलजोडीच्या जुवाला. बैल धावेच्या उतारावरून उतरू लागले की मोट वर येते, सोंड तिच्या अंगाला दुमडलेली राहते. काठाशी आल्यावर मोट चाकाकडे चढतच राहते आणि सोंड मात्र रुळावरून थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, ओढली जाते. पाणी आपोआप पडतं, कोणाला हात लावावा लागत नाही. सगळा खेळ दोन दोरांच्या लांबीचा. सोंदूर सैल राहिला तर सोंड तोंडाच्या खाली लोंबते आणि पाणी वाटेतच विहिरीत परत जातं. फार आखडला तर मोटेचा भार सोंडेवर येऊन शिवण उसवते. नव्या दोराला ताण बसून तो वाढतो, म्हणून गाठ पुन्हा पुन्हा सरकवावी लागे. लोखंडी मोटेपेक्षा हे दोन दोर टांगले असते तर जास्त कळलं असतं. बाजारात दोर अजून मिळतो!

पेरणीच्या तिफणीचंही तेच. दांडी, हातात धरायचं रुमणं, तीन फण शाबूत; बी सोडायचं वरचं चाडं आणि बांबूच्या नळ्या गायब. मग ती एखाद्या दाताळासारखी दिसते. फणांमधलं अंतर मात्र टेप लावून मोजावं. जवळजवळ असतील तर गव्हाची, लांब असतील तर ज्वारी-कपाशीची. चाड्यावर मूठ धरणं हे घरातल्या जाणत्या बाईचं काम. बोटांतून बी तिन्ही भोकांत सारखं सुटलं पाहिजे. एका भोकाकडे कमी गेलं तर उगवण झाल्यावर तास विरळ दिसतो आणि अख्ख्या शिवाराला कळतं कोणाची मूठ चुकली. वापसा नसताना, जमीन जास्त ओली असताना पेरलं तर ओली माती नळीच्या तोंडात बसते. वरून बी पडत राहतं आणि खाली एक दाणाही उतरत नाही.

स्वयंपाकाच्या मांडणीत खापर असलंच, तर ते हमखास कढईसारखं सरळ ठेवलेलं असतं. खापर चुलीवर पालथं घालतात, मांडे त्याच्या पाठीवर भाजतात. खरं असेल तर पाठ गुळगुळीत आणि आतली बाजू जाळाने काळीकुट्ट झालेली असते. उलटवून बघायची परवानगी मागावी, पण धरावं दोन्ही हातांनी. धान्य मोजायचे शेर, मापटं, चिपटं ओळीने असतात. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मापाच्या बुडावर बोट फिरवावं. बूड आत ठोकलेलं असेल तर ते कोणत्या बाजूचं, घेणाऱ्याचं की विकणाऱ्याचं, ते ओळखा.

सांभाळणाऱ्यांची हौस कधी कधी वस्तूंच्या मुळावर येते. समारंभाआधी लाकडाला व्हार्निश फासतात, मग रुमण्यावरची हाताने झालेली झिलई आणि जुवावरचा मानेचा घट्टा दोन्ही झाकले जातात. लाकूड भिंतीला टेकवून थेट जमिनीवर ठेवलं की वाळवी खालून येते आणि वरून काही दिसत नाही. खाली दोन विटा आणि मागे वीतभर मोकळी जागा, इतकं पुरतं. लोखंडाला पावसाळ्याआधी तेलाचं बोट.

फड पद्धत मात्र कुठल्याच खोलीत मावत नाही. पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर पाणी वाटून घ्यायची ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली, आणि तिचं अवजार म्हणावं तर पाटकऱ्याचं फावडं. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पुढच्या हंगामात फेरपालट. त्यामुळे उसाला जास्त पाणी आणि शेजारच्या गव्हाला चिखल, असं होत नाही. प्रत्येक फडात आपला तुकडा असला की पाण्याचा आणि टंचाईचा वाटाही सगळ्यांना सारखा. पाटकरी पाणी वळवतो, जागल्या पीक राखतो. खोलीला कुलूप लागलं की साक्री तालुक्यात पांझरेकाठी उतरावं. रब्बीत पाटाला पाणी असतं, तेव्हाच पाटातून शेतात पाणी सोडायला बारे कसे फोडतात ते दिसतं.