प्रयोगशाळेतील यकृत आणि सुप्त मलेरिया

पुण्यात पावसाळ्यात रक्ततपासणीत मलेरिया नाही असे कळले की घरचे निर्धास्त होतात. परंतु व्हायवॅक्स जातीचे परजीवी यकृताच्या पेशींत सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. ही सुप्तरूपे अभ्यासायची तर प्रयोगशाळेत दीर्घकाळ टिकणारे यकृत हवे.

हेप-जी-टू ही यकृताच्या कर्करोगातून आलेली पेशीमालिका सहज वाढते; मात्र तिच्यात औषधे रूपांतरित करणारी विकरे (एन्झाइम) फारच कमी असतात. सुप्तरूपे मारणाऱ्या प्रायमाक्वीनला सक्रिय होण्यासाठी सीवायपी२डी६ हे विकर लागते, त्यामुळे अशा पेशींत हे गुणकारी औषधही निष्प्रभ भासू शकते, आणि रूपांतरानंतरच विषारी ठरणारे औषध निर्धोक वाटू शकते. ही दुसरी चूक मला अधिक घातक वाटते.

दात्याच्या यकृतातून काढलेल्या ताज्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बहुकोनी, रेखीव कडांच्या, कित्येकदा दोन केंद्रकांच्या दिसतात. नुसत्या प्लास्टिकवर त्या थोड्याच दिवसांत पसरट होऊन आपले कार्य विसरतात. कोलॅजेन या प्रथिनाच्या ठिपक्यांवर त्यांची बेटे करून भोवती आधार देणाऱ्या तंतुजनक पेशी वाढवल्या की त्या कित्येक आठवडे कार्यक्षम राहतात. २०१३ मध्ये अशाच रचनेत व्हायवॅक्सची यकृतावस्था वाढवून दाखवण्यात आली. खरी अडचण परजीवींच्या पुरवठ्याची आहे: त्यासाठी अजूनही रुग्णांच्या रक्तावर डास पोसावे लागतात.