घाटंजीच्या खात्यापासून म्यावाडीपर्यंत

आमच्या भागात हल्ली बँकेचं खातं भाड्याने जातं. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम एकदम द्यायचं आणि महिन्याला चार-पाच हजार घ्यायचे. घाटंजी तालुक्यात मी सेवा केंद्र चालवते. सोबत बँकेचं कामही बघते, अंगठ्यावर पैसे काढून देते, केवायसी करते, नवी खाती उघडते. त्यामुळे हे सगळं माझ्या टेबलासमोरून जातं. कापूस घरात यायला अवकाश असतो, कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते, आणि कुणीतरी मोटरसायकलवर येऊन सांगतो, "तुह्या खात्यात पैसे येतीन, आम्हीच काढून घेऊ, तुले काहीच करा लागत नाही."

शेजारच्या वस्तीतल्या एका काकूंच्या मुलाने असंच खातं दिलं. बाप वारल्यावर सातबारा त्याच्या नावावर आला, म्हणून पीक विम्याचे पैसेही त्याच खात्यात यायचे. एक दिवस मशीनवर अंगठा ठेवला तर व्यवहारच होईना. दूरच्या एका राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून खात्यावर होल्ड लागला होता. तिकडच्या एका निवृत्त माणसाला व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस दाखवून घाबरवलं होतं, आणि त्याच्या आयुष्यभराच्या जमेतला एक तुकडा या खात्यातून पुढे गेला होता. काकू माझ्यापुढे पदर डोळ्याला लावून बसल्या. "ताई, माह्या पोरानं चोरी केली काय वो? मंग विम्याचे पैसे काहून अडकले?"

मुलाने जे केलं तो गुन्हाच आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मोटरसायकलवाला कोण, त्याच्यावर कोण, हे त्या मुलाला कुणी विचारलंच नव्हतं. चौकशी खात्याच्या नंबरापाशी येऊन थांबली होती. पैसे मात्र थांबत नाहीत. ते काही मिनिटांत पाच-सात खात्यांतून फिरतात, मग क्रिप्टो या आभासी चलनात बदलतात आणि देशाबाहेर जातात.

२०२४ मध्ये सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेले, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. २०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत आलेल्या तक्रारींपैकी जवळपास निम्म्यांचा माग कंबोडिया, म्यानमार आणि लाओस या तीन देशांत लागतो, असं गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने त्या वेळी म्हटलं होतं. त्या देशांत तारांच्या कुंपणाआड या फसवणुकीचे मोठमोठे अड्डे आहेत आणि तिथे फोनवर बसणाऱ्यांपैकी हजारो जण स्वतःच फसवून नेलेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ च्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशी अडकवलेली असावीत, असा अंदाज दिला. पासपोर्ट काढून घेतात, ठरलेली रक्कम लुबाडून दिली नाही तर मारतात, विजेचे झटके देतात, आणि घरी जायचं म्हटलं की खंडणी मागतात.

त्या कुंपणाची दुसरी वाटही माझ्या केंद्रावरूनच जाते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत एक मुलगा पासपोर्टचा अर्ज भरायला आला. बारावी झालेला, टायपिंग येणारा. टेलिग्रामवर कुणीतरी त्याला बँकॉकमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी देऊ केली होती. पगार ऐंशी हजार, तिकीट कंपनीचं. नेमणूकपत्र मागितलं तर मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. त्यावर कंपनीचा पत्ता नव्हता. व्हिसाचं विचारलं तर म्हणाला, लागतच नाही. ते खरं होतं. फिरायला जाणाऱ्या भारतीयांना थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरपासून व्हिसाची अट काढून टाकली. एजंटांचं काम त्यामुळे फार सोपं झालं. पोरगा पर्यटक म्हणून उतरतो, गाडीत बसतो, पश्चिमेला माय सोत नावाच्या गावी पोचतो, आणि तिथली म्वेई नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावाडी. मी त्याच्या वडिलांना बोलावलं. ते आधी माझ्यावरच चिडले, "ताई, पोरगं बाहीर गेलं त सुधरन न, तुम्ही काहून आडवं येता?" मग मी त्यांना २०२५ च्या मार्चमधली बातमी दाखवली. हवाई दलाची विमानं माय सोतला पाठवून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणावं लागलं होतं. काका बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. पासपोर्ट निघाला, पण मुलगा गेला नाही. आता पुण्याजवळच्या एका गोदामात कामाला आहे.

एका देशाला एकट्याने हे मोडता येत नाही, हे आमच्या शेतकऱ्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एकाने वावराला झटका मशीन लावली की रानडुकरं रातोरात शेजारच्या तुरीत शिरतात. २०२३ च्या शेवटी चीनच्या दबावामुळे आणि तिथल्या लढाईमुळे म्यानमारच्या उत्तरेकडचे, कोकांग भागातले अड्डे उठले. तो धंदा दक्षिणेला आणि इतर देशांत सरकला. २०२५ च्या फेब्रुवारीत थायलंडने सीमेपलीकडच्या पाच ठिकाणांची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडलं. त्या दणक्याने हजारो माणसं सुटली, ही मोठीच गोष्ट झाली, पण ऑक्टोबरात म्यावाडीजवळच्या के. के. पार्क नावाच्या अड्ड्यावर पुन्हा धाड घालावी लागली.

म्हणून शेजारी देशांनी एकत्र बसून आखलेल्या धोरणाला माझ्या लेखी इतकं मोल आहे. त्याचा पाया जुना आहे. इटलीत माफियाच्या मागे लागलेले न्यायाधीश जोव्हानी फाल्कोने यांना १९९२ मध्ये पालेर्मोजवळ रस्त्याखाली स्फोटकं पेरून मारलं, आणि आठ वर्षांनी त्याच पालेर्मो शहरात आंतरराष्ट्रीय संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार सह्यांसाठी खुला झाला. भारताने तो २०११ मध्ये मंजूर केला. त्यातल्या दोन गोष्टी मी केंद्रावर येणाऱ्यांना सांगत असते. माणसांच्या तस्करीविरुद्धच्या त्याच्या पूरक करारात म्हटलं आहे की फसवून नेलं असेल तर त्या माणसाने 'हो' म्हटलं होतं याला काही अर्थ उरत नाही. म्हणजे "पोरगा स्वतःच्या पायानं गेला" हे त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. आणि मूळ करारात असंही आहे की जप्त केलेला पैसा विनंती करणाऱ्या देशाला परत देण्याचा विचार आधी व्हावा, म्हणजे ज्यांचं लुटलं त्यांना भरपाई देता येईल.

हा करार साऱ्या जगासाठी आहे. तो आपल्या भागात राबवायचा तर भागाचं स्वतःचं धोरण लागतं, आणि संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालय देशांना ते आखायला मदत करतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्याच साथीने आसियान या आग्नेय आशियाई गटातले देश आणि चीन यांनी या अड्ड्यांविरुद्ध एक आराखडा ठरवला. भारत त्यात नाही. आपल्याकडे बिमस्टेक हा बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट आहे. त्यात भारत, बांगलादेश, भूतान, नेपाळ, श्रीलंका यांच्यासोबत म्यानमार आणि थायलंडही आहेत. बिमस्टेकचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा करार २००९ मध्ये झाला आणि तो लागू व्हायला २०२१ उजाडलं. अकरा वर्षांहून जास्त! फौजदारी खटल्यांत एकमेकांना मदत करण्याच्या करारावर २०२२ मध्ये कोलंबोत सह्या झाल्या. पण कंबोडिया आणि लाओस बिमस्टेकमध्ये नाहीत, ते आसियानमध्ये आहेत. लुटला जाणारा पैसा आमचा, तो फिरवणारी खाती आमची, कुंपणाआड बसवलेल्यांत पोरंही आमची. तरी आराखड्याचं एक टेबल तिकडे आणि दुसरं इकडे, हे मला पटत नाही. या दोन गटांनी या एका विषयापुरतं तरी एकत्र बसावं आणि भारताने त्यासाठी आग्रह धरावा.

आणि बसतील तेव्हा कागदावर काकूंच्या मुलासाठीही एक ओळ असावी. खातं देणाऱ्याला शिक्षा द्या, पण आधी त्याचा जबाब नीट घ्या. खातं कोणी मागितलं, सिम कुठे पोचवलं, पैसे कोणी मोजून दिले, हे त्याला माहीत असतं. आमच्या मोटरसायकलवाल्याचं नाव गावात दहा जणांना ठाऊक होतं. ही माहिती दुसऱ्या राज्याच्या पोलिसांपर्यंतच पोचत नाही, तर बँकॉकपर्यंत कशी जाणार? खातं गोठवताना वादातली रक्कम तेवढी अडवावी, विम्याचे पैसे मोकळे ठेवावेत. सुटून आलेल्या पोरांनाही विमानतळावर संशयित म्हणून उभं करण्याआधी साक्षीदार म्हणून ऐकावं. अड्ड्याचा आतला नकाशा, मालकाचा आवाज, पाठवणाऱ्या एजंटाचा नंबर, सगळं त्यांच्या डोक्यात असतं.

तोवर माझ्याकडून होतं ते मी करते. परदेशी नोकरीचं नाव काढलं की ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजंटाचा नोंदणी क्रमांक समोरच बसून तपासते. नोंदणी असलेल्या एजंटालाही ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही, हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय. थायलंडच्या नोकरीसाठी पर्यटक म्हणून जायला सांगितलं तर तिथेच थांबा. आणि पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मग माझ्याकडे या. पहिल्या तासा-दोन तासांत फोन लागला तर पैसे वाटेतल्या एखाद्या खात्यात अडवता येतात. माझं केंद्र सकाळी नऊला उघडतं, १९३० रात्रीही चालू असतो.