परत आलेला डबा

दप्तरातून डबा बाहेर आला की आधी तो कानाशी हलवून बघावा. चमचा खुळखुळला तर दिवस बरा गेला. धप्प आवाज आला तर आत काहीतरी उरलंय. "आज शाळेत काय केलंस?" या प्रश्नाला "काही नाही" हे एकच उत्तर असणाऱ्या वयात डबा मात्र सगळं सांगून टाकतो. भाजी संपली आणि पोळी राहिली, म्हणजे पोळी वातड झाली होती. दोन्ही निम्मं निम्मं राहिलं, म्हणजे सुट्टी पकडापकडीत गेली. आणि सगळंच जसंच्या तसं परत आलं असेल तर रागावण्याआधी झाकण बघावं.

कारण अर्धे गुन्हे झाकणाचे असतात. गरम भाजी भरून लगेच डबा बंद केला की आतली वाफ गार होताना तिचं पाणी होतं, हवा आकसते आणि झाकण आत ओढलं जातं. मग ते मोठ्या माणसालाही दाद देत नाही, सात वर्षांच्या बोटांची काय कथा! तेच पाणी टिपटिप पोळीवर पडतं आणि तिचा लगदा होतो. उपाय साधा: भाजी ताटलीत पसरून दहा मिनिटं निवू द्यायची आणि पोळ्या एकावर एक न रचता फडक्यावर सुट्या टाकायच्या. मात्र ही दहा मिनिटं सकाळी सापडत नाहीत. रिक्षावाले काका सात दहाला खाली हॉर्न वाजवतात, म्हणून भाजी साडेसहालाच गॅसवरून उतरायला हवी.

मग सगळा हिशोब उलटा मोजत आदल्या रात्रीपर्यंत जातो. भेंडी रात्रीच धुऊन, पुसून पसरून ठेवायची. ओली भेंडी चिरली की तार सुटते, मग आमसूल घाला नाहीतर ताक शिंपडा. कणीक दोन वाट्यांना वाटीला जरा कमी पाणी आणि चमचाभर तेल घालून मळायची, वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायची. तेल नसेल तर हवा लागून ती काळपट पडते. तिसऱ्या दिवशी तर बघवत नाही. सकाळी उठल्याउठल्या, चहाच्याही आधी, ती बाहेर काढायची. गार कणीक लाटताना पुन्हा आक्रसते. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर रेंगाळलेली पोळी भाजते कमी आणि वाळते जास्त, आणि दुपारी तिचा पापड झालेला असतो.

दहीभाताचं गणित वेगळं. सकाळी दही कालवलं तर मोठ्या सुट्टीपर्यंत भात आंबट. म्हणून वाटीभर मऊ, कोमट भातात अर्धी वाटी दूध आणि फक्त चमचाभर दही. दही बाकी काम डब्यातच करतं. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून पुसल्या तर लाल पडत नाहीत. पोहे मात्र डब्याला देऊच नयेत, हे आमचं ठाम मत. गार पोहे खाणारं मूल एकतर फार गुणी असतं किंवा फार भुकेलेलं.

एवढं सगळं हाताला बसलं की डबा चाळीस मिनिटांत होतो. दमवतं ते करणं नाही, आठवणं. उद्या पीटी आहे, म्हणजे पांढरे बूट. परवा एका मैत्रिणीचा उपास, म्हणून हिलाही साबुदाण्याची खिचडीच हवी. साबुदाणा रात्री भिजायला हवा. आणि रात्री साडेनऊला, दुकानं बंद होताना, "उद्या चार्ट पेपर न्यायचाय." ज्या घरात कपाटावर चार चार्ट पेपर, घोटीव कागदाचं एक पाकीट आणि न वाळलेली डिंकाची बाटली कायम असते, त्या घरातल्या माणसांना रात्री झोप लागते.

आठवण्याचं हे खातं बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या नावावर असतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, ती त्याच मिनिटांतली. या फरकावर 'मदत' हा उतारा नव्हे. "सांग, काय करू?" असं विचारणाऱ्याने हात दिलेले असतात, डोकं दिलेलं नसतं, सांगण्याचं काम उरतंच. त्यापेक्षा मंगळवार आणि गुरुवारचा अख्खा डबा बाबाचा, भाजी कोणती इथपासून झाकण पुसेपर्यंत, ही वाटणी टिकते. पहिल्या महिन्यात दर गुरुवारी बटाट्याच्या काचऱ्याच येतील. येऊ द्याव्यात. तिथे तोंड घातलं की डबा पुन्हा आपल्याकडे.

ऑफिसच्या कामाला असं झाकण नसतं. मेल जातात, त्यांना उत्तरं येतात, त्या उत्तरांच्या मिटिंगा होतात. दिवस संपला तरी काय पुरं झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. डबा सात वाजता भरला जातो, साडेबाराला रिकामा होतो, संध्याकाळी घासून पालथा पडतो. दिवसभरातलं एवढंच काम असं असतं, ज्याचा शेवट हातात धरता येतो. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांचे तर दोन डबे असतात, पण बिघडली सकाळ भरून काढायची संधीही दुसऱ्यांदा मिळते.

आणि अधूनमधून आपण न दिलेलंच काहीतरी डब्यातून निघतं. अर्धी इडली, चिंचेच्या चटणीत लडबडलेली, कोपऱ्यात जपून ठेवलेली. "तुला चव बघायला आणली," असं वर सांगणं. चटणी उतू गेलेली असते, दप्तराच्या तळाशी गणिताची वही चिकटलेली असते. ती वही पंख्याखाली पसरून ठेवायची आणि इडली खायची. बरी असते. आपल्याहून मऊ. उडीद डाळ किती घालतात ते विचारायला हवं.