तेरचे थापटणे आणि औंढ्याची मागची बाजू

निवड यादी दुपारी लागली आणि तीत माझे नाव नव्हते. अकरा वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवून झाल्यावर कायम जागेच्या मुलाखतीत मला सात मिनिटे मिळाली होती, आणि त्यांतलीही दोन समितीने माझी फाईल शोधण्यात घालवली. कोणाची निवड होणार हे आवारातल्या चहावाल्यालासुद्धा आधीपासून ठाऊक होते, असे मला नंतर कळले. खरे-खोटे देव जाणे. पण त्या रात्री देवाशीच माझे भांडण होते, त्यामुळे तो साक्षीला येण्यासारखा नव्हता.

आप्पा शहात्तर वर्षांचे, माळकरी. त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. ताटावर बसल्या बसल्या एवढेच म्हणाले, "माय, उद्या तेरला जाऊ. गोरोबाकाकाला भेटून येऊ."

लातूरहून मुरूडमार्गे ढोकी आणि तिथून जीपने तेर. एसटीत आप्पांना तिकीट नाही आणि मला अर्धे, त्यामुळे निराशेच्या दिवसांतही हा प्रवास परवडतो. फाल्गुनाचे ऊन चढू लागले होते आणि दोन्ही बाजूंनी हरभऱ्याची काढणी चालली होती. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो, आणि इथले कापड भडोच बंदरातून बाहेर जात असे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय गावातच आहे. हस्तिदंती बाहुली पाहायला तिथे सगळेच जातात. मी मात्र त्या दिवशी खापरांच्या कपाटापुढे बराच वेळ उभी होते. दोन हजार वर्षे मातीखाली राहूनही विरघळली नाहीत, एवढेच त्या तुकड्यांचे कर्तृत्व, आणि मला त्यांचा चक्क हेवा वाटला. विटांचे त्रिविक्रम मंदिर आम्ही घाईघाईतच पाहिले.

तेरणेकाठच्या समाधी मंदिरात गर्दी नव्हती. इथली मोठी यात्रा चैत्र वद्यात भरते. गोरोबा सगळ्या संतमंडळींत वयाने वडील, म्हणून 'काका'. त्यांच्या घरी संत जमले असताना मुक्ताबाईने कुंभाराचे लाकडी थापटणे पाहून हे काय आहे म्हणून विचारले, काकांनी मडकी तपासावीत तसे एकेकाच्या डोक्यावर ते मारले, बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे चिडले आणि भरल्या सभेत 'हे मडके कच्चे' असा निकाल लागला, ही कथा मी अकरा वर्षे शिकवत आले आहे. 'या प्रसंगातून नामदेवांच्या अहंकाराचे दर्शन कसे घडते?' असा पाच गुणांचा प्रश्नही काढत आले आहे. नामदेवांना त्या क्षणी काय वाटले असेल, हे मात्र एकदाही विचारले नव्हते. ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठल जेवला अशी ख्याती, त्याला चारचौघांत कच्चा ठरवले जाते. तो रडत पंढरीला धावतो ते देव आपली बाजू घेईल या भरवशावर, आणि देव म्हणतो, गोरोबा म्हणतो ते बरोबर आहे, तू विसोबा खेचरांकडे जा, त्यांना गुरू कर.

कथेतली ही जागा मला आजवर खुपली नव्हती. देवाने निकाल फिरवला नाही, सांत्वनाचे चार शब्दही बोलला नाही, भक्ताला पुढचा पत्ता तेवढा दिला. देवळाच्या ओट्यावर बसून मी आप्पांना म्हणाले, "गोरोबाकाकांनी थापटणं सगळ्यांना सारखं तरी मारलं होतं. माझ्या वेळेला तसं झालं नाही." आप्पा बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ते खरं हाय. त्याला मी काय म्हणू?" त्यांच्या या प्रामाणिकपणाने मला कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक धीर आला.

परतताना रस्त्याकडेला एका कुंभाराचे छप्पर दिसले. उन्हाळ्याचे माठ घडवणे चालू होते. म्हातारबुवा डाव्या हाताने ओल्या मडक्याच्या आतून गुळगुळीत दगड धरत आणि उजव्या हातातल्या लाकडी थापटण्याने बाहेरून नेमका त्याच जागी ठोका देत. ठोक्यागणिक माती पातळ होई, मडके तसूभर फुगे, की लगेच ते फिरवून पुढचा ठोका. आप्पांनी कौतुकाने विचारले, "ह्यानंच कच्चं-पक्कं कळतं न्हाई का?" म्हातारबुवा हसले. "भाजलेल्याला हे कोण लावतंय? फुटंल की. भाजलेलं बोटानं वाजवून बघायचं. थापटणं कच्च्यालाच." मी शिकवताना थापटणे हे परीक्षेचे हत्यार म्हणून सांगत होते. ज्याच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते, त्याच्या लेखी ते घडवण्याचे हत्यार होते, आणि आतला हात नसेल तर एका ठोक्यात मडके बसेल, हेही त्यांनी लगेच दाखवून दिले. बसलेल्या मडक्याचा त्यांनी गोळा केला आणि ढिगात टाकला.

खरे तर प्रवास इथेच संपायचा. पण विसोबांची कथा औंढ्याची म्हणून सांगितली जाते, आणि पत्ता मिळाल्यावर जायला नको का, असे आप्पांचे म्हणणे पडले. पुढच्या रविवारी आम्ही परभणीमार्गे औंढा नागनाथला गेलो.

देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा, शिल्पांनी गच्च भरलेला, तर वरचे बांधकाम नंतरच्या काळातले आणि पांढरे. पिंड जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद वाटेने वाकून, जवळजवळ बसतच खाली उतरावे लागते. इथेच विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते म्हणे, आणि नामदेव ते पाय जिकडे उचलून ठेवी तिकडे पिंड उभी राही. खाली घामाचा, बेलाचा आणि ओल्या दगडाचा वास होता. मागून रेटा येत होता. मला काहीही साक्षात्कार झाला नाही, गुडघा तेवढा खरचटला.

बाहेर आल्यावर आप्पा मला देवळाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. नामदेवांना पुढे कीर्तन करू दिले नाही, मागे जा म्हणून हाकलले, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच फिरले, ही कथा मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. नंदी इथे मागे का, याचे उत्तर गावकरी याच कथेने देतात. तेरला नामदेवांच्या बाबतीत लागलेला निकाल रास्त होता, इथला सरळसरळ अन्यायाचा होता. मला खरे तर याच नामदेवांना भेटायचे होते. पण देऊळ फिरण्याचा भाग माझ्या गळ्याखाली उतरत नव्हता, कारण माझे काही फिरले नव्हते.

"आप्पा, देऊळ फिरलंच नसतं तर?"

"तर काय? कीर्तन तर झालंच असतं की."

एवढे बोलून त्यांनी पिशवीतून टाळ काढले, फडक्याने पुसले आणि दगडी सावलीत मांडी घातली. ठरलेल्या अभंगाचा दुसरा चरण ते माझ्या लहानपणापासून चुकीचा म्हणतात आणि मी दरवेळी तो दुरुस्त करते. त्या दुपारी त्यांनी तो पुन्हा तसाच म्हटला, आणि मी त्यांच्यामागे तो चुकीचाच म्हणत राहिले.